चपडीचा थर

फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी सोडायची आणि पुढचे चार किलोमीटर बसने जायचं, हे मामांना अजून पटलेलं नाही. "एसटी पार पायऱ्यांपाशी यायची," असं ते दर खेपेला म्हणतात. ताई दर खेपेला सांगते, की गाड्यांचा धूर आणि धूळ भिंतींपासून लांब राहावी म्हणून ही सोय आहे. मग दोघंही खिडकीबाहेर बघत बसतात.

मामा जळगावच्या एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी पोरं घेऊन ते दर हिवाळ्यात अजिंठ्याला यायचे. ताई माझी मावसबहीण. जुन्या भित्तिचित्रांच्या जतनाचं काम करते, त्यासाठी काही महिने रोमला शिकूनही आली. मामा आम्हा दोघींचे. मी लिहिणारी, म्हणून या दोघांच्या मध्ये बसणारी.

त्या डिसेंबरच्या सकाळी पहिलं, दहावं आणि सतरावं लेणं पाहून आम्ही खाली उतरलो आणि झाडाखाली कळण्याच्या भाकरीचा न् भरताचा डबा उघडला. वादाला तोंड मात्र दहाव्या लेण्यातच फुटलं होतं. जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख घालून तिथल्या एका खांबावर आपलं नाव कोरून ठेवलंय. तेव्हा लेणं गाळाने बरंच भरलेलं होतं, त्यामुळे ते नाव आज माणसाच्या डोक्याच्याही वर दिसतं. मामा मान वर करून बराच वेळ तिथे उभे राहिले होते.

मामा : परदेशी मदतीचा श्रीगणेशा हा असा झाला बघ. आला, पाहिलं, आणि आधी स्वतःचं नाव कोरलं.

ताई : त्याच्यामुळे जगाला अजिंठा कळला ना, मामा.

मामा : जगाला कळला. लेणापूरच्या गुराख्यांना ठाऊकच होता. बरं, जगाला कळल्यावर काय झालं, ते बघ. १८४४ मध्ये रॉबर्ट गिलला नेमलं. माणसाने आयुष्य घातलं इथे, मी त्याला नावं ठेवणार नाही. मोठमोठे कॅनव्हास रंगवले आणि लंडनला धाडले. १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसला आग लागली, बहुतेक सगळे जळाले. मग आपल्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आले. १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांच्या तुकड्या आणून त्यांनी प्रती करवल्या. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्यात तयार झाले. त्याही लंडनला गेल्या, १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला आग लागली आणि त्यातल्याही कितीतरी गेल्या. तिसरे जपानचे अराई कम्पो. रवींद्रनाथांमुळे भारतात आले, १९१७-१८ च्या हिवाळ्यात इथे बसून प्रती केल्या. त्या तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १९२३ चा भूकंप आणि त्यामागची आग. संपलं. घरची चीज शेजारी ठेवायला दिली आणि तीनदा जळाली, तर तू चौथ्यांदा देशील?

ताई : चीज इथेच आहे, मामा. जळाल्या त्या प्रती.

मामा : प्रत म्हणजे काय ते मला नको सांगूस. एका हाताच्या बोटांसाठी मी तीन दिवस बसलेलो आहे.

यावर ताई काही बोलली नाही. भाकरीचा तुकडा मोडून तिने मामांच्या ताटलीत ठेवला.

ताई : अराई कम्पोंचं पुढचं तुम्ही सोडलंत. इथून गेल्यावर बावीस वर्षांनी, १९४० मध्ये, होर्यूजीच्या देवळातल्या भित्तिचित्रांच्या प्रती करायला जे चित्रकार नेमले, त्यांत ते होते. शेवटपर्यंत तेच काम करत होते. १९४५ मध्ये गेले. आणि १९४९ मध्ये, २६ जानेवारीला, होर्यूजीच्या त्या दालनाला आग लागून मूळ चित्रं करपली.

मामा : म्हणजे तिथेही आगच.

ताई : हो, पण तिथे मूळ जळालं आणि प्रती उरल्या. १९६८ मध्ये त्या भिंती पुन्हा चितारल्या, तेव्हा आधी काढलेले फोटो आणि या चित्रकारांच्या प्रती हाताशी होत्या. होर्यूजीचा बोधिसत्त्व आणि पहिल्या लेण्यातला पद्मपाणी शेजारी ठेवले, की अभ्यासकांना अजून आश्चर्य वाटतं. पद्मपाणीपुढे बसून शिकलेला हात त्या बोधिसत्त्वाच्या कामी आला. त्या आगीनंतर पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक ठेव्यांच्या रक्षणाचा कायदा केला, आणि २६ जानेवारीला तिथे दरवर्षी देवळादेवळांतून आग विझवण्याचा सराव होतो. आपण झेंडावंदन करत असतो तेव्हा.

हे मला ठाऊक नव्हतं. मामांनाही नसावं, ते घास हातात धरून थांबले होते.

मामा : ते चांगलंच झालं. पण मी आगीवर अडलेलो नाही. आग काय, मुंबईतही लागली असती. मला राग आहे तो चपडीचा.

इथे वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. लाखेपासून जी चपडी बनते, ती स्पिरिटमध्ये विरघळवली की सुताराचं फ्रेंच पॉलिश होतं. अजिंठा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या पुढाकाराने निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. १९२० ते १९२२ च्या हिवाळ्यांत त्यांनी सुटत आलेला गिलावा भिंतीला पुन्हा चिकटवला, मागे पोकळ्या होत्या त्या भरल्या, कडा बांधून घेतल्या, आणि रंग धरून राहावेत म्हणून चपडीचा हात दिला. त्याआधी ग्रिफिथ्सच्या काळातही, प्रत करताना रंग उठून दिसावेत म्हणून, चित्रांना व्हार्निश लावलं गेलं होतं. पुढे हे थर पिवळे पडले, मग तपकिरी, काही ठिकाणी काळे. त्यांना भेगा गेल्या, आणि पापुद्रा सुटला की तो खालचा रंगही सोबत घेऊन सुटू लागला.

मामा : आमच्या गल्लीतल्या सुताराला विचारलं असतं ना, तरी त्याने सांगितलं असतं, की पॉलिश काळवंडतं. दरवाजाला दर काही वर्षांनी खरवडून पुन्हा करावं लागतं. पंधराशे वर्षांच्या भिंतीला कोण खरवडणार? आणि बाई, इटलीतलं फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावरचं काम, रंग चुन्यातच मुरतो. आपली भिंत वेगळी. कातळावर मातीचा गिलावा, त्यात शेण, साळीचं तूस, झाडपाल्याचे तंतू. वर चुन्याचा पातळ हात. तो सुकल्यावर सरसात कालवलेले रंग. ही भिंत श्वास घेते, ओल पिते, ओल सोडते. तिच्या तोंडावर चपडी फासली. एका पोराला मी विचारलं होतं, या स्त्रीच्या अंगाचा रंग कोणता? तो म्हणाला, सर, चहासारखा. अरे, तो चपडीचा रंग होता! माझ्या पिढीने चपडीचा अजिंठा पाहिला आणि पोरांना तोच शिकवला.

"चपडीचा अजिंठा" हे शब्द मी वहीत टिपून घेतले. वर्षानुवर्षं शिकवलेलं चुकीचं होतं हे कळण्याचं दुःख त्यात होतं, आणि ते खरं होतं.

ताई : चपडीबद्दल मी तुमच्याशी भांडणारच नाही. ती चूकच होती. पण चेक्कोनी आले तेव्हा गिलाव्याचे पोपडे हाताएवढे सुटून लोंबत होते. त्यांनी ते धरले नसते, तर काळवंडायलाही काही उरलं नसतं. आणि त्या काळी युरोपातही भिंतींवर असेच थर दिले जात. तिथलीही चित्रं काळवंडली. त्यातून सगळ्यांनी मिळून एक नियम शिकला, आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात तो: जे लावाल, ते उद्याच्या माणसाला काढता आलं पाहिजे. आणि काय लावलंत, किती, कुठे, कधी, ते लिहून ठेवा.

मामा : हा नियम रोमने आपल्याला शिकवला म्हणायचं.

ताई : रोमच्या ज्या संस्थेत मी शिकले ना, ती काढायचं ठरलं ते दिल्लीत. १९५६ मध्ये युनेस्कोची सर्वसाधारण परिषद दिल्लीला भरली होती, तिथे. नंतर १९५९ मध्ये ती रोमला सुरू झाली. तेव्हा त्यात आपलंही काही आहे. आणि ही चपडी काढतंय कोण? आपल्याच पुरातत्त्व खात्याच्या विज्ञान शाखेतली माणसं. बोटभर जागा घ्यायची, द्रावण लावायचं, थर मऊ झाला की टिपून घ्यायचा, थांबायचं, बघायचं. दहाव्या लेण्यात काजळी आणि चपडीखालून जे रंग वर आले, ते तुम्ही आज सकाळी पाहिलेत.

मामांनी मान हलवली. सकाळी दहाव्या लेण्यात ते अगदी लहान मुलासारखे भिंतीकडे बघत होते. मात्र तेवढ्याने ते हटणार नव्हते.

मामा : मग बाहेरच्यांची गरज काय? वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले, ते कुणी शोधलं? पुरातत्त्व खात्याच्या माणसाने आणि संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने. भांगेमुळे कीड लागली नाही, म्हणून तो गिलावा टिकला. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, तिथे कसर तूस खाऊन भिंत पोखरते. हे ज्ञान इथल्या गवंड्याचं. त्याला कुणी परिषदेला बोलावलं नाही.

ताई : तो शोध लागला कसा? तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरून, नमुन्यांशी ताडून. ती पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांनी मिळून घडवली. गवंड्याचं ज्ञान भिंतीत होतंच, आपण ते विसरलो होतो. आणि मामा, सतराव्या लेण्यातला तो निळा सांगा, कुठला?

मामा : लाजवर्द. राजावर्त.

ताई : आला कुठून?

मामा जरा हसले. त्यांना पुढचं दिसलं होतं.

मामा : बदक्शानहून. अफगाणिस्तान.

ताई : वाकाटकांच्या हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात. व्यापाऱ्यांचे तांडे डोंगर ओलांडून तो दगड आणायचे, इथे तो कुटला, धुतला, आणि वाघूरच्या काठी कुणीतरी त्याने फुलं रंगवली. पहिल्या लेण्याच्या छतावर टोप्या आणि पायमोजे घातलेले परदेशी पाहुणे बसलेत. तुमच्या आवडत्या भिंतीत परका दगड आणि परकी माणसं आधीपासून आहेत.

मामा : दगड विकत घेतला, बाई. दगडाने येऊन सांगितलं नाही, फुलं कशी काढायची ते.

हे वाक्य मला अजून आठवतं. ताईला त्यावर चटकन उत्तर सुचलं नाही, आणि खरं तर उत्तर नव्हतंच. दगड घेणं आणि सल्ला घेणं यात फरक आहे. सल्ला देणारा सहसा पैसेही सोबत आणतो, आणि मग "नको" म्हणणं अवघड होतं.

ताईने विषय लांब नेला, चीनच्या वाळवंटात. तिथे डुनहुआंगजवळ मोगाओची लेणी आहेत, चित्रं असलेली जवळजवळ पाचशे. तीही आपल्यासारखीच मातीच्या गिलाव्यावरची. १९२४ मध्ये हार्वर्डकडून लँग्डन वॉर्नर तिथे गेला, चिकट द्रावण लावून कापड डकवलं आणि भित्तिचित्रांचे तुकडे सोलून अमेरिकेला नेले.

मामा : हे तर माझ्याच बाजूचं झालं.

ताई : पुढचं ऐका. १९८९ पासून त्याच लेण्यांवर त्याच अमेरिकेतली गेटी संस्था आणि डुनहुआंग अकादमी मिळून काम करताहेत. पंच्याऐंशी नंबरच्या एका लेण्यावर त्यांनी वर्षानुवर्षं घातली. आधी कितीतरी काळ भिंतीला हातच लावला नाही. हवेतली ओल मोजली, भिंतीतलं मीठ मोजलं, माणसांच्या श्वासाने काय होतं ते पाहिलं. गिलाव्यामागे भरायचं मिश्रण तिथल्याच मातीतून तयार केलं. आणि पाहुणे परत गेले तेव्हा काम करणारी चिनी माणसं तयार होती. आता तिथली तज्ज्ञ मंडळी दुसऱ्यांना शिकवतात. देश तेच दोन. वॉर्नर घेऊन गेला, हे ठेवून गेले.

मामा : आपल्याकडे असं कुठे झालं?

ताई : थोडंफार झालं. क्रिस्तियाना हेरिंगहॅम १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत प्रती करायला आल्या. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार आले, तसे हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीनही होते. नंदलाल शांतिनिकेतनला गेले, अजिंठ्याची रेषा तिथे घेऊन गेले. आणि सय्यद अहमद इथेच राहिले. पुढे अजिंठ्याचे क्युरेटर झाले. बाई विलायतेला गेल्या, इटालियन आले आणि गेले, भिंतीपाशी सय्यद अहमद होते.

मामा : ह्या माणसाचं नाव मी पोरांना कधी सांगितलं नाही. मला गिल माहीत, ग्रिफिथ्स माहीत.

ते बराच वेळ गप्प बसले. वाघूरचं पाणी खाली खडकांतून वाहत होतं. हेच पाणी पुढे धरणात साठतं आणि जळगावच्या नळाला येतं, म्हणजे मामा रोज ह्याच डोंगराचं पाणी पितात. जतन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चित्र येतं, पण पावसाळ्यात कातळातून झिरपणारं पाणी, वरच्या पठारावरची उघडी पडलेली जमीन, वटवाघळं, आत येणाऱ्या हजारो माणसांची वाफ, हे सगळं त्या चित्राचंच आयुष्य आहे. मोठ्या लेण्यांत एका वेळी चाळीस जणांनाच सोडतात, ते म्हणूनच. टी पॉइंटची बसही म्हणूनच. त्या बसमागे, डोंगरावर लावलेल्या झाडांमागे आणि सुधारलेल्या रस्त्यांमागे जपानने दिलेला पैसा आहे. १९९२ पासून दोन टप्प्यांत तो आला. देणगी म्हणून नव्हे, कमी व्याजाचं कर्ज म्हणून.

मामांना तेवढंच पुरलं.

मामा : त्याच कर्जातून इथे पाहुण्यांसाठी केंद्र बांधलं. पहिलं, दुसरं, सोळावं, सतरावं, चार लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती. मला वाटलं, माझी पोरं तिथे तासन् तास बसून रेखाटतील, खऱ्या भिंतीला त्रास नाही. २०१३ मध्ये उघडलं, आणि काही वर्षांत वीज-पाण्याची बिलं थकली म्हणून बंद पडलं. जपानने पैसे दिले, आपल्याला बिल भरता आलं नाही. आता सांग, चूक कुणाची?

ताई : आपली.

ती इतक्या चटकन म्हणाली, की मामाच गडबडले. त्यांना बहुधा जपानच्या नावाने आणखी दोन वाक्यं बोलायची होती.

ताई : मामा, १९८३ मध्ये भारतातल्या पहिल्या चार ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात अजिंठा. तुम्हाला त्या पाटीचा राग येतो, मला येत नाही. पण पाटी लावल्याने बिल भरलं जात नाही, हे मला मान्य आहे. डुनहुआंगला लोक आधी मोठ्या पडद्यावर लेणी बघतात, मग खऱ्या लेण्यांत थोडा वेळ जातात. आपल्याकडे तशी जागा बांधून झाली होती. ती चालवायला तुमच्यासारखे चार चित्रकलेचे मास्तर हवे होते. ते कुठल्याही करारात लिहिलेले नव्हते. तुमच्या तक्रारीत मला हेच सर्वांत खरं वाटतं. पैसा येतो, तज्ज्ञ येतात, अहवाल येतात. रोज येऊन दार उघडणारा माणूस कुणी मोजत नाही.

मला वाटतं, त्या दुपारी दोघं सर्वांत जवळ आले ते इथे, आणि माझं स्वतःचं मतही इथेच पडतं. मी ताईच्या बाजूची आहे. बाहेरचं ज्ञान हवं, भरपूर हवं, ते नाकारून भिंत वाचणार नाही. पण बाहेरून येणाऱ्याने पहिल्या दिवशी "मी गेल्यावर इथे कोण असेल?" हे विचारलं पाहिजे, आणि बोलावणाऱ्या सरकारने त्याचं उत्तर तयार ठेवलं पाहिजे. चपडीपेक्षा मला ते बंद दार जास्त लागलं.

मामांनी हात धुतले आणि पिशवीतून मेणकापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. जाड कागदाची, बांधणी सुटत आलेली वही होती. आम्हा दोघींनाही त्यांनी ती कधी दाखवली नव्हती. आत पेन्सिलीची रेखाटनं, कुठे कुठे जलरंग. सतराव्या लेण्याच्या ओवरीतलं भवचक्र, एक हत्ती, हातच हात, कमळ धरलेली बोटं.

मामा : १९७१ पासूनची आहेत. तू मघाशी म्हणालीस ना, ग्रिफिथ्सच्या ज्या प्रती वाचल्या, त्यांवरून भिंतीवरचं काय गेलं ते कळतं म्हणून.

ताई ते म्हणाली नव्हती. ते मामांनीच कुठेतरी वाचलेलं असणार. पण ती गप्प राहिली आणि एकेक पान, कडेला धरून, उलटत गेली. भवचक्राच्या पानावर थांबून तिने सकाळी डोळ्यांनी टिपलेलं आठवून पाहिलं.

ताई : हा कोपरा आज भिंतीवर असाच आहे का, ते मला पुन्हा वर जाऊन बघावं लागेल. मामा, ह्याचे स्कॅन करू द्याल? आमच्या कामात बाहेरच्या संस्थाही आहेत, त्यांच्याकडेही जातील.

मामा : वही जळगावबाहेर जाणार नाही.

ताई : तुमच्या टेबलावर करते. वही तुमच्यासमोर राहील.

मामा : आणि खाली काय लिहिशील?

ताई : तुमचं नाव, वर्ष, लेणं.

मामा : तेवढ्याने काय कळणार? उजेड कुठून होता, ते नको? हे भवचक्र सकाळच्या उन्हातलं आहे. पोरांनी बाहेर पांढरं धोतर ताणून धरलं होतं, त्यावरून उजेड आत घेतला. हा हत्ती दुपारचा, त्यात निळा मला दिसलेलाच नाही, म्हणून मी तो राखाडी केलाय. चपडीतून पाहिलेला रंग आहे हा, तसं लिहायला हवं. नाहीतर तुमचे लोक समजतील, भिंत तशी होती.

त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली: लेणं, भिंत, बाजू, वेळ, उजेड. खाली टी पॉइंटची बस येऊन उभी राहिली, कंडक्टरने हाक मारली.

"जाऊ दे ही," मामा मान वर न करता म्हणाले, "पुढची येईलच की." आणि त्यांनी पान उलटलं.